अंतराळयान आणि पाड्यावरची विहीर



शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. परंतु याच तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडमधील कित्येक पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील एखाद्या भगिनीने विचारले, "माणूस अंतराळात पाठवायला एवढा खर्च कशाला?" तर तो प्रश्न अडाणीपणाचा म्हणता येणार नाही.

गगनयान कार्यक्रमासाठी, अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागासह, २०२४ मध्ये एकूण २०,१९३ कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. दरडोई हिशेब सुमारे दीडशे रुपयांचा होतो. एवढी रक्कम वाचविल्याने पाड्यावर पाणी येईलच, असे नाही. तथापि विक्रम साराभाईंनी मानवी उड्डाणाच्या स्पर्धेऐवजी लोकोपयोगास अग्रक्रम दिला होता, हे विसरता कामा नये. १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए पासूनच्या उपग्रहांची चित्रे कातळातील भेगांचा, म्हणजेच भूजलाचा, माग काढण्यास उपयोगी पडतात.

मानवी उड्डाणास माझा विरोध नाही. परंतु भूजलाचे नकाशे ग्रामसभेत उलगडले जावेत, शिक्षकांनी ते समजावून द्यावेत आणि विहिरीची जागा त्यांच्या आधारे ठरावी. त्या विहिरीला पाणी लागेल, तेव्हाच त्या भगिनीच्या प्रश्नाला आपण उत्तर दिले असे होईल.