शाळा आधी, गाव नंतर : स्वागताध्यक्षीय भाषण



 ओकलंडहून सॅन होजेकडे जाणाऱ्यांना आमचे फ्रीमाँट गाव हमरस्त्यावरून दिसते ते मोटारींच्या कारखान्याचे गाव म्हणून. तो कारखाना जनरल मोटर्सने बांधला, 1982 साली बंद केला, 1984 पासून टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा धडधडला आणि 2010 मध्ये टेस्लाकडे गेला. पण या गावाची खरी ओळख त्या कारखान्यात नाही. ती येथील सार्वजनिक हायस्कुलांत आहे, हे आज आपल्यापुढे पुराव्यानिशी मांडायचे आहे. मराठी शाळा चालवणाऱ्यांच्या संमेलनात एका अमेरिकी उपनगरातील हायस्कुलांची कहाणी कशाला, असे कुणाला वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

ही भूमी ओलोनी लोकांची. 1797 साली स्पॅनिश पाद्र्यांनी येथे मिशन सॅन होजे उभारले. कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांपैकी हे चौदावे. 1868 च्या भूकंपात त्याचे मातीच्या विटांचे चर्च कोसळले. आज आपण पाहाल ती त्याच जागी शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा उभारलेली वास्तू आहे. भूकंपाच्या पुढच्याच वर्षी नाइल्सच्या खिंडीतून आगगाडी आली आणि तिच्यामागोमाग फळबागा, रोपवाटिका आणि अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज शेतकरी. नाइल्समध्ये एसने कंपनीचा चित्रपट-स्टुडिओ होता. चार्ली चॅप्लिन 1915 साली काही काळ तेथे काम करत होते आणि ‘द ट्रॅम्प’ हा मूकपट त्याच मुक्कामातला. उद्या दुपारच्या मोकळ्या वेळात नाइल्सच्या मुख्य रस्त्यावरून एक फेरफटका जरूर मारावा. तेथे मूकपटांचे संग्रहालय आजही हौसेने चालवले जाते. मिशन सॅन होजे, नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच वेगवेगळी गावे होती. प्रत्येकाची बाजारपेठ वेगळी, अभिमान वेगळा. वॉली पाँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घरोघरी समजूत घालून या पाचांना फ्रीमाँट या एका नगरपालिकेत आणले, ते 1956 च्या जानेवारीत. आज या पाँडसाहेबांचे नाव गावातही फार थोड्यांना आठवते, म्हणून ते या व्यासपीठावरून आदराने घेतो.

पण ही पाच गावे 1956 मध्येच एकत्र आली का? येथेच माझा मुद्दा सुरू होतो. त्याआधी साठेक वर्षे ती एका ठिकाणी रोज एकत्र येत होती आणि ते ठिकाण म्हणजे सेंटरव्हिलमधले वॉशिंग्टन युनियन हायस्कूल. वॉशिंग्टन टाउनशिप या जुन्या तालुक्यात आठ वस्त्या होत्या. कोणत्याही एका वस्तीला हायस्कूल परवडणारे नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात साऱ्यांनी मिळून एक शाळा काढली. नावातला ‘युनियन’ हा शब्द त्या एकजुटीचाच. नाइल्सच्या रोपवाटिकेतल्या मजुराचा मुलगा आणि मिशनच्या द्राक्षमळ्याच्या मालकाची मुलगी एका बाकावर बसली, एका संघातून खेळली. नगरपालिका नव्हती, महापौर नव्हता, सामाईक पोलीस नव्हते. सामाईक होती ती शाळा. कागदोपत्री गाव पुढे झाले, पण गाव म्हणून वागायची सवय लागली ती शाळेत. शाळा आधी, गाव नंतर.

यावर जाणकार लगेच म्हणतील की आठ वस्त्यांपैकी न्यूअर्क 1955 मध्ये स्वतंत्र शहर झाले, अल्व्हाराडो आणि डिकोटो यांचे 1959 मध्ये युनियन सिटी झाले. मग शाळेने जोडले असे कसे म्हणता? आक्षेप खरा आहे. शाळा नगरपालिकेच्या सीमा आखत नाही आणि तिने तसे करावे अशी अपेक्षाही नको. पण युनियन सिटी वेगळी झाली त्याच वर्षी तेथे जेम्स लोगन हायस्कूल सुरू झाले, हेही पाहावे. वेगळे बिऱ्हाड मांडणाऱ्याने पहिली चूल पेटवावी, तशी त्या शहराने आपली शाळा सुरू केली. फ्रीमाँटचेही तेच. जनगणनेनुसार 1960 मध्ये येथे 43,790 माणसे होती, 1970 मध्ये 1,00,869. दहा वर्षांत दुपटीहून अधिक झालेल्या या वस्तीला गाव म्हणून बांधून ठेवायला जुनी देवळे नव्हती, जुने पार नव्हते. त्याच काळात अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे, केनेडी आणि मग अमेरिकन ही हायस्कुले उघडली. नव्या घरात राहायला आलेल्यांची शेजाऱ्यांशी पहिली ओळख झाली ती शाळेच्या फाटकापाशीच. जुन्या वॉशिंग्टन हायस्कुलाने तर देशालाही माणसे दिली. अमेरिकी फुटबॉलमधले थोर प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस येथेच मुलांना शिकवले आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले डेनिस एकर्सली हे याच शाळेचे विद्यार्थी.

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की गलेलठ्ठ फीची खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. येथे अर्थ नेमका उलटा. हद्दीत राहणाऱ्या मुलाला शाळेने घेतलेच पाहिजे. फी नाही, देणगी नाही, आईवडिलांची मुलाखत नाही. आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द इमारतीच्या भिंतींपर्यंत खरा आहे. 10 मार्च 1933 च्या संध्याकाळी लाँग बीचच्या भूकंपात कितीतरी शाळा जमीनदोस्त झाल्या. मुले घरी गेलेली होती म्हणून अनर्थ टळला. महिन्याभरात राज्याने फील्ड कायदा केला आणि शाळेचा आराखडा तपासण्याचे, बांधकामावर देखरेख ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले. हेवर्ड भूभ्रंश आमच्या गावाच्या मधून जातो. त्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा कायदा आपल्या अधिक जवळचा. त्याप्रमाणे राज्यातली प्रत्येक सार्वजनिक शाळा हे ‘नागरी केंद्र’ आहे. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी तिच्या खोल्या, सभागृह, पटांगण नागरिकांच्या मंडळांना रीतसर अर्ज करून वापरता येते. आणि या इमारतींचा पैसा? 2014 मध्ये फ्रीमाँटच्या मतदारांनी शाळांच्या दुरुस्ती-बांधणीसाठी 65 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. असा प्रस्ताव संमत व्हायला 55 टक्के मते लागतात आणि परतफेड घरपट्टीतून होते. ज्यांची मुले कधीच शाळेबाहेर पडली आहेत, अशा घरांनीही हा भार उचलला. गाव शाळेला आपली मानते, याचा यापेक्षा रोकडा पुरावा कोणता?

तरीही एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय हा अभिमान पोकळ ठरेल. ही शाळा सर्वांची होती, हे खरे आहे का? सगळ्या काळात नाही. याच राज्यात 1885 साली मेमी टेप या चिनी मुलीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिच्या आईवडिलांना न्यायालयात जावे लागले. निकाल बाजूने लागला, तरी शहराने चिन्यांसाठी वेगळी शाळा काढली. आणि 1942 च्या मे महिन्यात आमच्याच सेंटरव्हिलमधून जपानी कुटुंबांना बाहेर काढून युद्धकाळातल्या छावण्यांत नेण्यात आले. डोरोथिया लँग यांनी त्या दिवसांत येथे काढलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. शाळेत जाणारी मुले, अंगावरच्या कोटाला अडकवलेले कुटुंबाच्या क्रमांकाचे लेबल, पायांशी उचलता येईल तेवढेच सामान. पाच गावांना एकत्र बसवणारी शाळा त्या मुलांना वाचवू शकली नाही, हे आपण मान खाली घालून मान्य केले पाहिजे. पण कहाणी तेथे थांबत नाही. वॉशिंग्टन हायस्कुलाशेजारच्या क्रीडांगणावर आमच्या शाळांचे फुटबॉलचे सामने होतात. त्या क्रीडांगणाचे नाव ताक फुदेन्ना मेमोरियल स्टेडियम. ज्या सेंटरव्हिलमधून जपानी मुलांना नेले, तेथेच सामन्याच्या रात्री दिव्यांच्या झोतात एका जपानी-अमेरिकन गृहस्थाचे नाव झळकते. आणि 1992 च्या ऑलिंपिकमध्ये आइस स्केटिंगचे सुवर्णपदक मिळवणारी क्रिस्टी यामागुची मिशन सॅन होजे हायस्कुलात शिकली. तिच्या आईचा जन्म युद्धकाळातल्या छावणीतला. 2003 मध्ये राज्याने कायदा केला, तेव्हा छावणीत गेल्यामुळे शिक्षण तुटलेल्यांना शाळांनी उशिरा का होईना डिप्लोमा देण्याची सोय झाली. सार्वजनिक संस्था चुकते, तेव्हा तिला सार्वजनिकरीत्या जाब विचारता येतो आणि चूक दुरुस्त करायला लावता येते. तिच्या मोठेपणाचा माझ्या मते हा सर्वांत भक्कम आधार आहे.

आजच्या काळाबद्दलही शंका घेतली जाते. एकाच शाळेत असूनही पंजाबी मुले एका टेबलाशी, चिनी दुसऱ्या, अफगाण तिसऱ्या टेबलाशी जेवतात; एका हायस्कुलाच्या हद्दीतली घरे दुसऱ्याच्या हद्दीतल्यांपेक्षा महाग; गुणांची चढाओढ जीवघेणी. यातले काहीही खोटे नाही आणि घरांच्या किमतीत आपल्या समाजाच्या धावपळीचाही वाटा आहे. पण वेगळ्या टेबलांशी बसणारी ही मुले प्रयोगशाळेत एकाच बर्नरवर काम करतात, एकाच वाद्यवृंदात वाजवतात. 1965 च्या स्थलांतरविषयक कायद्याने दारे किलकिली झाल्यावर भारतीय आले, 1979 नंतर अफगाण आले, फिलिपिनो आणि चिनी कुटुंबे आली. 2010 च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक रहिवासी आशियाई वंशाचे होते. 2020 मध्ये लोकसंख्या 2,30,504 झाली. या सगळ्यांचे देव वेगळे, सण वेगळे, किराणा दुकाने वेगळी. गुरुद्वारात सगळे जात नाहीत, मशिदीत जात नाहीत, गणपतीला येत नाहीत. ज्या दारातून सगळ्यांची मुले रोज सकाळी आत जातात, असे दार गावात एकच.

आता आपल्या विषयाकडे वळतो. सार्वजनिक शाळा मुलांची मायबोली गिळून टाकते, म्हणून मराठी शाळा तिच्यापासून फटकून असावी, असे मत आपल्यातले काही जण कळकळीने मांडतात. त्यांच्या काळजीला आधार आहे. 1998 मध्ये या राज्याच्या मतदारांनी द्वैभाषिक शिक्षणाला कडक लगाम घातला होता. पण तो त्याच मतदारांनी 2016 मध्ये काढला. दरम्यान 2012 पासून इंग्रजीबरोबर दुसरी भाषा आत्मसात करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिप्लोमावर द्वैभाषिकतेची मुद्रा उमटवणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य ठरले. याचा अर्थ असा की मायबोलीसाठी सार्वजनिक शाळेत जागा मागता येते, मागितली तर मिळतेही. मागायला मात्र त्या घरात आपला राबता हवा. रविवारी भाड्याच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे, की फळ्याच्या कोपऱ्यात सोमवारच्या बाईंचे ‘पुसू नये’ असे चौकटीत लिहिलेले असते. आपले गुरुजी तेवढा चौकोन सोडून उरलेल्या फळ्यावर बाराखडी लिहितात आणि जाताना बाके होती तशी लावतात. एका फळ्यावर दोघांनी नांदण्याची ही रीत आहे. मराठी शाळेने सार्वजनिक शाळेशी असेच नाते जोडावे. तिच्या पालकसभेला जावे, तिच्या ग्रंथालयाला मराठी पुस्तके द्यावीत, तिच्या रोख्यांना मत द्यावे आणि मग हक्काने आपल्या भाषेसाठी जागा मागावी.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, त्यांची जाणीव स्वागत समितीला आहे. पार्किंग अपुरे आहे आणि लांबचा पार्किंगचा भाग मुख्य दारापासून बराच दूर आहे. वडीलधाऱ्यांना तेवढे चालावे लागले, याबद्दल क्षमा असावी. नोंदणी अपेक्षेबाहेर गेल्याने भोजनाच्या दोन पंगती कराव्या लागत आहेत. दुसऱ्या पंगतीच्या पाहुण्यांना थांबावे लागेल, पण अन्न कमी पडणार नाही, एवढा शब्द देतो. सगळ्यांना घरोघरी उतरवून घ्यावे अशी फार इच्छा होती. ते जमले नाही आणि काहींची सोय हॉटेलात करावी लागली. ध्वनिव्यवस्थेत, निवासात, स्वागतात जे जे कमी पडले, त्याचा दोष स्वागताध्यक्ष म्हणून माझा समजावा. जे चांगले वाटेल, त्याचे श्रेय कार्यकर्त्यांचे.

आणि हे संमेलन ज्यांच्या जिवावर उभे आहे, त्यांचे ऋण मोठे आहे. मोठ्या रकमेच्या देणगीदारांची नावे स्मरणिकेत आहेतच. पण वीस-वीस डॉलरची पाकिटे आणून देणाऱ्या आजी-आजोबांचेही ऋण तितकेच आहे. वर्गणी मागायला दारोदार गेलेल्यांचे, तीन दिवसांच्या न्याहारीचा शिधा देणाऱ्या गुजराती दुकानदारांचे, मोठी पातेली आणि ती घासायला हातही पाठवणाऱ्या शीख शेजाऱ्यांचे, ताजे नान पाठवणाऱ्या अफगाण भटारखान्याचे, कॅफेटेरियात पहाटेपासून राबणाऱ्या भगिनींचे, रांगोळी काढणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्या हायस्कूलच्या मुलामुलींचे मनापासून आभार. या शाळेच्या इमारतीच्या कस्टोडियनचे विशेष आभार. काल रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दारे सांभाळत ते आमच्यासोबत थांबले. आणि ज्यांची मुले आता शाळेत नाहीत तरी ज्यांच्या घरपट्टीतून हे छप्पर उभे राहिले, त्या फ्रीमाँटच्या अनोळखी करदात्यांनाही या व्यासपीठावरून नमस्कार.

आठ वस्त्यांनी हायस्कूल काढले तेव्हा त्यांतल्या पाचांचे पुढे एक शहर होईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मुलांना शिकवायचे एवढेच ठरले होते. बाकीचे मागाहून घडले. आपल्या मराठी शाळाही आज तेवढेच करत आहेत. ते काम या तीन दिवसांत अधिक नेटके व्हावे, अशी शुभेच्छा देतो. परवा निघताना बाके होती तशी लावून जाऊ या, आणि फळ्यावरचा तो चौकोन तसाच राहू देऊ या.