खाली निखारा, वर निखारा

भाजणे हा शब्द आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. दाणे भाजावेत, रवा भाजावा, भाकरी भाजावी, पापड भाजावा. पण पीठ कालवून भांड्यात ओतावे, भांड्यावर झाकण घालावे, वरून आणि खालून आच द्यावी आणि आत एक अखंड, तांबूस, खमंग वडी तयार व्हावी, असे म्हटले की आपल्याला लगेच बेकरी आठवते, ओव्हन आठवतो, केक आठवतो. आणि ही विद्या आपली नव्हे, साहेबाबरोबर आलेली, असे आपण धरून चालतो. आमच्या आजीने ओव्हन हा शब्द साठी उलटेपर्यंत ऐकला नव्हता. पण ही विद्या तिच्या हातात होती. तिच्या आधी तिच्या सासूच्या हातात होती.

आणि ही काही आमच्या एका घराची मिरास नव्हे. विदर्भात, खानदेशात कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि फोडून तुपाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर खातात. कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात निनाव होते. कणीक, बेसन, गूळ आणि नारळाचे दूध यांचे मिश्रण शिजवून घ्यायचे आणि मग वरखाली विस्तव ठेवून भाजायचे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला बिबिंक करतात. त्यात अंड्यांचा बलक, नारळाचे दूध, साखर, तूप आणि थोडे पीठ. एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांवर तो भाजू द्यायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. असे सात किंवा त्याहूनही जास्त थर. शहरांतून दिवाळीच्या आधी नानकटाईचे सामान घेऊन बायका बेकरीच्या भट्टीवर जात, पत्रे भरून देत आणि संध्याकाळी डबे भरून घरी आणत. काही गावांत ही रीत अजून चालू आहे. तेव्हा भाजण्याची कला आपल्याकडे होतीच. तिच्यासाठी वेगळे यंत्र मात्र नव्हते. चूल होती, जाड बुडाचे पातेले होते आणि वर निखारे ठेवायला एक काठाचे ताट होते.

आमच्याकडे, कोकणात, या पद्धतीचा पदार्थ म्हणजे धोंडस. कोणी त्याला तवसळी म्हणतात. घरागणिक आणि गावागणिक नाव बदलते. तवसे म्हणजे पावसाळ्यात मांडवावर लोंबणारी मोठी काकडी. भाद्रपद-आश्विनात ती पिकून पिवळी होते, एकेक हातभर लांब होते आणि कोशिंबिरीच्या कामाची राहत नाही. तिचे धोंडस करायचे. यात मैदा नाही, अंडे नाही, सोडा नाही. तांदळाचा रवा, किसलेले तवसे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि मीठ. एवढ्यावर सगळा खेळ.

धोंडसाच्या दिवशी घरातले एकही माणूस रिकामे नसे. काका नारळ सोलून देत. आई विळीला लावलेल्या खवणीवर खोबरे खवी. आम्हा मुलांकडे पडवीतून करवंट्या आणण्याचे काम, कारण करवंटीचा निखारा चांगला रसरशीत होतो. आजोबा ओटीवरून दर थोड्या वेळाने "झालं का?" म्हणून विचारीत, आणि आजी त्यांना कधीच उत्तर देत नसे. ती तवशाचा देठाकडचा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाही. कडू लागला तर ते तवसे बाजूला. एका कडू तवशाने पातेलेभर जिन्नस वाया जातो, आणि तांदूळ तेव्हा रेशनवर मिळत होता.

रवा थोड्या तुपावर गुलाबी भाजून झाला की ती त्यात तवशाचा कीस पाण्यासकट घाली. वेगळे पाणी नाही. गूळ, खोबरे, मीठ घालून मिश्रण घट्टसर होईपर्यंत ढवळी. मग पातेल्याला तूप लावून तळाशी केळीचे किंवा हळदीचे पान, त्यावर मिश्रण, वर पुन्हा पान. पातेले वैलावर. वर ताट, आणि ताटात निखारे. चुलीतला जाळ ओढून काढलेला असे. खाली नुसती धग. वरचे निखारे फार तापट वाटले तर आजी त्यांवर चिमटाभर राख भुरभुरवी. मंद वाटले तर फुंकणीने एक फुंकर मारून ती राख उडवून लावी. आपण आज बटण फिरवून आच कमीजास्त करतो. तिचे बटण म्हणजे ती राख.

यामागचे शास्त्र आता आपल्याला सांगता येते. उष्णता नुसती खालून दिली तर तळ करपतो आणि वरचा भाग ओलाच राहतो. वरच्या निखाऱ्यांची धग मात्र ताट तापवून सरळ खाली पदार्थावर उतरते. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नाही; त्यामुळे धोंडस फुगत नाही. पण तवशातले पाणी पिऊन तांदळातली पिष्टी साधारण सत्तर-ऐंशी अंशांवर फुलते आणि सगळे एकजीव होते. ओलावा आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या वर तापत नाही. म्हणून वाफेवर उकडलेल्या पदार्थाला कधी खमंग रंग येत नाही. वरची कड सुकली की मगच तापमान चढते, गूळ आणि खोबरे तांबूस होते आणि वास सुटतो. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. पण त्या वासाची ती वाट पाहत असे, आणि तो येईपर्यंत कोणालाही झाकणाला हात लावू देत नसे.

आणि इथेच खरी अडचण होती. माझी आई लग्न होऊन आली ती शहरातून. शिकलेली, वहीत लिहून घेण्याची सवय असलेली. ती विचारी, "आई, किती वेळ ठेवायचं?"

आजी म्हणे, "वास आला की काढायचं."

"पण कसला वास?"

"आला की कळेल."

रवा किती? "अंदाजानं." गूळ किती? "तवसं गोड असेल तर कमी." आता यात आजी काही लपवीत नव्हती. तिला खरोखरच दुसऱ्या शब्दांत सांगता येत नव्हते. तिची मापे तिच्या ओंजळीत होती. आणि ओंजळ काही दुसऱ्याला देता येत नाही.

आईने यावर एक युक्ती काढली. पुढच्या खेपेला ती एक वाटी घेऊन आजीच्या शेजारी बसली. आजीने रव्याची ओंजळ भरली की आई म्हणे, "आई, ते आधी या वाटीत टाका." वाटी मोजायची, आकडा लिहायचा आणि मगच रवा पातेल्यात. गुळाचे तसेच, खोबऱ्याचे तसेच. आजी हसली. म्हणाली, "माझा हात मोजत्येस होय गो?" पण तिने मोजू दिला. एका पावसाळ्यात तीन वेळा मोजले, आणि तिन्ही खेपांना आकडे जवळजवळ सारखे निघाले. ज्याला ती अंदाज म्हणत होती तो अंदाज नव्हताच; चाळीस वर्षांचे ठरलेले माप होते. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नव्या संसारांना आधार झाली. पण घरोघरच्या ज्या पदार्थांना कोणत्याच पुस्तकात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी अशीच कोणी सून किंवा लेक वाटी घेऊन शेजारी बसायला हवी होती. जिथे बसली नाही, तिथे आजीबरोबर पदार्थही गेला.

आता, श्रोतेहो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण चुलीवरच्या चवीविषयी फार हळवेपणाने बोलतो. हॉटेलांच्या पाट्यांवरसुद्धा 'चुलीवरचे जेवण' असे कौतुकाने लिहिलेले असते. पण त्या चुलीपुढे रोज सहा-सात तास कोण बसत होते? आमच्या स्वयंपाकघराला एक लहान खिडकी होती, आणि पावसाळ्यात ओली लाकडे पेट घेईपर्यंत ते सगळे घर धुराने कोंदून जाई. आजीचे डोळे सदा लाल. थंडी पडली की तिचा खोकला रात्रभर ऐकू येई. घरातल्या सगळ्यांची पाने उठल्यावर ती जेवायला बसे, आणि धोंडसाची कड, जी सर्वांत खमंग लागते, ती तिच्या वाट्याला क्वचितच उरे. घरातल्या धुराची गणती आज शास्त्रज्ञ करतात. अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुले आहेत, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायका आहेत.

पुढे वडिलांची बदली झाली आणि आम्ही शहरात राहायला आलो. आईने पैसे साठवून विजेचा एक गोल ओव्हन घेतला. ॲल्युमिनियमचा, झाकणात काच बसवलेला. आजी आमच्याकडे आली तेव्हा आईने वहीतल्या आकड्यांप्रमाणे त्यात धोंडस लावले. आजी स्टुलावर बसून काचेतून आत पाहत होती. आईने तिला सांगितले, की तार तळाशी आहे, तशी झाकणातही आहे.

"म्हणजे खाली निखारा, वर निखारा," आजी म्हणाली. "वेगळं काय?"

मग थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले, "आणि धूर कुठून जातो?"

"धूर नाहीच होत, आई."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग हे आधी का नाही आणलंत?"

त्या प्रश्नाला आमच्या घरात कोणाजवळच उत्तर नव्हते. पण एक गोष्ट मला त्यातून समजली. चुलीच्या धुराची ओढ ज्यांना लागते, ते बहुधा ओटीवर बसून "झालं का?" विचारणारे असतात. जी आत बसली होती तिला धूर नकोच होता. तिचे जपण्यासारखे जे होते ते धुरात नव्हते. ते होते तिच्या मापात, राखेच्या चिमटीत आणि वासाची वाट पाहण्याच्या धीरात.

तर ते माप मी तुम्हाला सांगते. एक वाटी तांदळाचा रवा. दोन वाट्या तवशाचा कीस, त्याच्या पाण्यासकट. पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ. अर्धी वाटी ओले खोबरे. दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. रवा तुपावर भाजावा, बाकीचे घालून मिश्रण घट्टसर होईपर्यंत ढवळावे आणि तूप लावलेल्या भांड्यात थापावे. ओव्हन असेल तर तो आधी तापवून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे भांडे तव्यावर ठेवून मंद आचेवर झाकून भाजावे आणि खालची बाजू तांबूस झाली की ताटलीवर उलटे करून पुन्हा भांड्यात सरकवावे. वरचा निखारा नाही, म्हणून वरची बाजूच खाली आणायची. सुरी घालून पाहावी. कोरडी निघाली म्हणजे झाले. आणि पूर्ण निवल्यावरच वड्या कापाव्यात. गरम कापले तर भुगा होतो.

पण मिनिटे सांगितली, तरी वास सांगता आलेला नाही. तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो. म्हणून शेवटी एवढेच सुचवते. तुमच्या घरात आजी असेल, मावशी असेल, आत्या असेल, तर तिचा एखादा पदार्थ निवडा. तिला नुसते विचारू नका. ती "अंदाजानं" म्हणेल. एक वाटी आणि एक वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिची ओंजळ वाटीत पडू द्या आणि आकडा लिहा. भांडे कोणते तेही लिहा. पातळ भांड्यात मापे तीच राहतात पण भाजणे बदलते. एकदा लिहून थांबू नका, तीनदा मोजा. आणि पदार्थ झाला, की त्याची कडेची पहिली वडी तिच्या हातावर ठेवा. ती नको म्हणेल. तरी ठेवा.