उगवण घरी तपासा, जात प्रयोगशाळेत



मृग तोंडावर आला की सगळीकडे एकच चौकशी सुरू होते: बियाणं उगवेल ना? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. पिशवीवर जी जात छापली आहे तीच आत आहे का, हा उरलेला अर्धा. पहिल्याचं उत्तर तुम्ही घरच्या घरी काढू शकता. दुसऱ्यासाठी प्रयोगशाळा लागते. ती नेमकं काय करते, हे शेतकऱ्याला ठाऊक असावं असं मला वाटतं.

आधी सोयाबीन घेऊ. हे पीक स्वपरागीत आहे, त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेलं घरचं सोयाबीन पुढची दोन-तीन वर्षं पेरायला हरकत नाही. अडचण येते ती टरफलाची. सोयाबीनचं टरफल फार पातळ आणि कोंब त्याच्या अगदी लगत. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोती उंचावरून आदळली, की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो.

तपासणीसाठी ढिगाच्या वरचे टपोरे दाणे निवडू नका. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठभर काढा, एकत्र मिसळा आणि त्यातले सरसकट १०० दाणे मोजा. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरा ओला तुकडा ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. दाणे बादलीत भिजत मात्र घालू नका. कोरडं सोयाबीन एकदम पाणी ओढतं, आतल्या पेशी फाटतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं.

सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडा. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण मोड दिसला की तो मोजला जातो. प्रयोगशाळेत तसं करत नाहीत. तिथे शंभराचे चार गट, म्हणजे ४०० दाणे, साधारण २५ अंश तापमानाला ठेवतात आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी करतात. मूळ तुटकं, दांडा वाकडा, डाळिंब्या तडकलेल्या अशी रोपं ‘विकृत’ म्हणून बाजूला काढतात. निरोगी मूळ आणि सरळ दांडा असेल तेवढंच मोजायचं. अशी ७० किंवा जास्त रोपं निघाली तर एकरी ३० किलोचं प्रमाण ठेवा. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६० टक्क्यांना ३५ किलो. ६० च्याही खाली असेल तर ते बियाणं तेलाच्या गिरणीला द्या.

आठ दिवस थांबायला वेळ नसेल, तर प्रयोगशाळेत टेट्राझोलियम चाचणी होते. भिजवलेला दाणा या रसायनात ठेवला की जिवंत भाग लालसर होतो, मेलेला भाग पांढराच राहतो. दाणा उभा चिरला की कोंबाचा नेमका कुठला भाग गेला आहे ते दिसतं. हे काम एक-दोन दिवसांत होतं.

आता जात. सोयाबीनच्या सगळ्या जातींचा दाणा थोड्याफार फरकाने पिवळाच, म्हणून नुसतं बघून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अनुवंशाच्या काही खुणा मात्र लपत नाहीत. ज्या जातीचं फूल जांभळं, तिच्या कोवळ्या रोपाच्या दांड्यावरही जांभळी झाक असते. पांढऱ्या फुलाच्या जातीचा दांडा हिरवा. दोन्ही रंग एकाच जनुकाच्या हातात आहेत. त्यामुळे जांभळ्या फुलाच्या जातीत हिरव्या दांड्याची रोपं दिसली की भेसळ आहे हे उगवणीच्या वेळीच कळतं. टरफलातल्या पेरॉक्सिडेज या विकराचीही अशीच चाचणी आहे. काही जातींचं टरफल रसायनात तांबडं-तपकिरी होतं, काहींचं होत नाही. एवढ्याने जातीचं नाव कळत नाही, पण मिसळ पकडता येते.

कापसाचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि तो संकरित वाणांतूनच आला. बीटी आहे का, हे पट्टीच्या चाचणीने काही मिनिटांत कळतं. पान किंवा सरकी द्रावणात चुरडायची, पट्टी बुडवायची. दोन रेषा उमटल्या तर बीटी प्रथिन आहे, एकच उमटली तर नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे संच तयार केले आहेत. ही पट्टी बीटी सांगते, वाण सांगत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. खऱ्या संकरित बियाण्यात आई आणि बाप दोघांच्याही खुणा दिसतात. आईच्याच परागाने तयार झालेल्या सरकीत फक्त आईच्या. हेच शेतात लावून बघायचं तर हंगाम जातो.

म्हणूनच संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात, एका बीटी जनुकापुरतं बोलायचं तर चारांतलं साधारण एक झाड बीटीविना निघतं. स्वस्तात मिळणाऱ्या, बिलाशिवायच्या पाकिटांत काय असतं याची खात्री तर कोणीच देत नाही.

राज्याच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूर इथे आहेत. शुल्क भरून तुमचा नमुना तिथे तपासून मिळतो. पिशवी फोडताना लेबल असलेली बाजू शाबूत ठेवून खालून फोडा. बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं काढणी होईपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, कारण तक्रार निवारण समितीला पंचनामा उभ्या शेतातच करावा लागतो.