मांजर हाकलण्याआधी

(जुन्नर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला लहानपणापासून दमा आहे, म्हणून आज बोलतोय.

आपल्या जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असतो. त्यामुळे अंधार पडला की कुत्रा, शेळ्या आत घ्यायच्या आणि दारं-खिडक्या लावायच्या. मांजर तर घरातलंच. मग पोराला धाप लागली की कुणीतरी म्हणतं, "मांजराचा केस पोटात गेला."

खरा त्रास केसाचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात. मांजर गेल्यावरही ते गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतात. त्यामुळे मांजर सोडून आल्यावर आठ दिवसांत फरक पडला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

प्रोग्रॅममध्ये बग आला की आम्ही अंदाजाने काही उडवत नाही. आधी नोंद ठेवतो. तुम्हीही महिनाभर वहीत लिहा: खोकला कधी येतो? झाडताना, गोधडी उलगडताना, की मांजर मांडीवर घेतल्यावर? ती वही डॉक्टरांना दाखवा. ते त्वचेची अ‍ॅलर्जी चाचणी सुचवू शकतील.

वहीत बहुधा आणखी संशयित सापडतील. पहिला, धूळकिडा. तो डोळ्यांना दिसत नाही, गादी-उशीत राहतो, आपल्या त्वचेचा कोंडा खातो आणि दमट हवेत वाढतो. चादरी-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, गाद्यांना ऊन द्या. दुसरी, भिंतीची ओल आणि बुरशी. तिसरं, झुरळ. चौथा, धूर. तो अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या श्वासनलिकांना चिडवतो. २००३ सालच्या एका अभ्यासात एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. बंद खोलीतला लोबान आणि अगरबत्तीही यातच धरा. मच्छरदाणी लावा.

मग जनावरं वाईटच का? तसंही नाही. अमेरिकेत गोठ्याजवळ वाढणाऱ्या अमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, तर यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट समाजाच्या मुलांत २१ टक्के आढळला. हा अभ्यास २०१६ चा आहे. पण ज्याला मांजराची अ‍ॅलर्जी आधीच जडली आहे, त्याच्यासाठी हा इलाज नव्हे. त्याच्या अंथरुणापासून मांजर लांबच हवं, आणि तरीही त्रास थांबला नाही तर त्याला दुसरं चांगलं घर शोधा, रस्त्यावर सोडू नका.

शेवटचं. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून डोस कमी लागतो. स्थळ मोडेल या भीतीने मुलीचा पंप लपवू नका. लपवलेला पंप वेळेवर हाताशी नसतो. रमजानमध्ये रोजचा डोस सहेरी-इफ्तारला घेता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. पण अटॅक आला तर मगरिबची वाट पाहायची नाही, लगेच पंप घ्यायचा. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. अम्मी-अब्बांना हे आपणच समजावायचं आहे.