भाद्रपदात फ्लॉरेन्सला जाताना



बाहेर वैशाख तापला आहे आणि आम्ही तुमच्यापुढे भाद्रपदातल्या प्रवासाची गोष्ट घेऊन उभे आहोत. यांच्या पंचांगाची पाने उलटसुलट झाली की काय, असे कोणाला वाटेल. तसे नाही. ज्याला सप्टेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी जावयाचे आहे, त्याने वैशाखातच कंबर कसली पाहिजे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि शहाण्याने तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. त्यासोबत तीस हजार युरोंपर्यंतच्या आजारपणाचा विमा लागतो. कॅथीड्रलच्या घुमटावर चढण्याची वेळ ठरवून घ्यावी लागते. उफिझी या चित्रसंग्रहालयाचे तिकीटही आधी घेतलेले बरे. कागदपत्रांचे एवढे बोलून तो विषय आम्ही बाजूला ठेवतो. व्याख्यान ऐकून कोणाचा अर्ज भरला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या डोळ्यांपुढे जो श्रोता आहे, तो निवृत्त झालेला, फंडातले चार पैसे बाजूला काढलेला, आयुष्यात एकदाच युरोप पाहू म्हणणारा. त्याच्या हातात सहलीचे पत्रक पडते. त्यात बारा दिवसांत सात देश असतात आणि फ्लॉरेन्सच्या वाट्याला येते एक दुपार. त्या दुपारी माणसे बसमधून उतरतात, चौकात छायाचित्र काढतात, चामड्याच्या दुकानात तासभर जातो आणि बस सुटते. पैसे तेवढेच पडतात, आणि घरी आल्यावर फ्लॉरेन्स कोणते आणि पिसा कोणते याचा घोळ मात्र कायमचा राहतो.

पत्रकाला नावे ठेवण्याचा अधिकार तरी आम्हांला कोठे आहे? पहिल्या खेपेस आम्ही स्वतःच्या बुद्धीने गेलो होतो. हाताशी तीन दिवस होते, आणि वहीत सत्तावीस स्थळांची यादी. शहरात पोचलो तो वार सोमवार. उफिझी सोमवारी बंद, मायकेल अँजेलोचा डेव्हिड जेथे आहे ते अकादमीचे संग्रहालयही सोमवारी बंद! यादीतली पहिली दोन नावे तशीच राहिली आणि उरलेल्या दोन दिवसांत आम्ही जे धावलो, ते पाहून आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, “आपण देवदर्शनाला आलो आहोत की देवळे मोजायला?” त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी दुसऱ्यांदा जावे लागले. आजचे बोलणे त्या दुसऱ्या खेपेचे आहे.

आता जावे केव्हा? ऑगस्टात जाऊ नये. ऊन आपल्याकडच्यासारखेच लागते, आणि पंधरा ऑगस्टच्या सणाच्या सुमारास खुद्द गावकरीच दुकानांना कुलपे लावून समुद्रावर नाहीतर डोंगरात गेलेले असतात. सप्टेंबरात ते परत येतात, मुलांच्या शाळा उघडतात, सभोवारच्या टेकड्यांवर द्राक्षांची तोडणी सुरू होते. ऊन सौम्य होते. पावसाचा खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. प्रवाशांची गर्दी सप्टेंबरातही असतेच, ती नसेल अशा भ्रमात कोणी राहू नये. पण गर्दीच्या बरोबरीने गावही गावात असते, हा फरक मोठा आहे. सात सप्टेंबरला रात्री तेथे रिफिकोलोनाचा उत्सव असतो. पूर्वी डोंगराळ भागातले शेतकरी मरियमच्या जन्मोत्सवासाठी आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी रात्रीचे चालत शहरात येत, ते काठीला कंदील बांधून. आता लहान मुले कागदी कंदील घेऊन मिरवतात, आणि द्वाड पोरे फुंकणीतून मातीच्या गोळ्या मारून ते फोडायला बघतात. आपल्या आकाशकंदिलाला जपणाऱ्या माणसाचा जीव ते पाहून खालीवर होतो.

अडचण आपल्या बाजूची आहे. गणपती सोडून कोण जाणार? आणि गणपती बोळवले की लागतो पितृपंधरवडा. तो बहुधा सप्टेंबरातच येतो. अधिकमास येऊन गेलेला असला तर ऑक्टोबरात शिरतो. या पंधरवड्यात पुष्कळांना प्रवासाला निघणे बरे वाटत नाही. आम्ही मात्र दुसऱ्या खेपेस मुद्दाम तोच पंधरवडा धरला. कारण पुढे येईल.

दिवस निदान पाच तरी हवेत, आणि नियम एकच: एका सकाळी एक जागा. दुपारी पडावे, संध्याकाळी पायी हिंडावे. जुने शहर लहान आहे. रेल्वे स्टेशनावरून कॅथीड्रलपर्यंत रमतगमत गेले तरी पंधरा मिनिटे लागत नाहीत.

एक सकाळ घुमटाची. कॅथीड्रलचे काम १२९६ साली सुरू झाले; पण एवढ्या रुंद जागेवर घुमट चढवावा कसा, हे कोणास उमगेना. म्हणून पिढ्यान् पिढ्या वरची बाजू उघडीच होती. घर बांधताना स्लॅबसाठी पैसे नाहीत म्हणून थांबलेली माणसे आपण पाहिली आहेत. येथे सगळे शहर युक्तीसाठी थांबले होते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो घुमट पुरा केला, आणि तोही जमिनीपासून लाकडी साचा न उभारता. एकात एक अशी दोन कवचे केली, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवीत गेला, म्हणजे ओला थर घसरू नये. वर जाणारा जिना या दोन कवचांमधूनच जातो. पायऱ्या ४६३, उद्वाहक नाही. चढताना त्या तिरप्या विटा हाताशी येतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हट्ट करू नये. संध्याकाळी बसने सान मिनियातोच्या टेकडीवर जावे. तेथील जुन्या चर्चच्या पायऱ्यांवरून तोच घुमट समोर दिसतो, आणि वेळ साधली तर आत मठवासीयांची सायंप्रार्थना गाण्याच्या सुरात चाललेली ऐकू येते.

दुसरी सकाळ आम्ही सान मार्कोच्या मठाला दिली, आणि आमचे मत विचाराल तर उफिझी हुकले तरी चालेल, हे हुकू देऊ नये. १४३८ च्या सुमारास कोझिमो दे मेदिची या सावकाराच्या पैशाने हा मठ नव्याने बांधला जात होता, आणि तेथल्याच पंथाचा फ्रा अँजेलिको हा साधू भिंती रंगवीत होता. जिना चढून वर आले की समोरच देवदूताने मरियमला दिलेल्या शुभवार्तेचे चित्र आहे. तेथून दोन्हीकडे साधूंच्या कोठड्या, चाळिसांहून अधिक. प्रत्येकीत एक लहान खिडकी, आणि खिडकीजवळ भिंतीवर एक चित्र. सोने नाही, भपका नाही, रंगही थोडे. ते चित्र त्या कोठडीत राहणाऱ्या एका माणसाने जन्मभर पाहावयाचे, एवढ्यासाठीच काढलेले. आपण चित्र पाहतो ते दुसऱ्या चित्राकडे वळण्यासाठी. येथे वळायला दुसरे नव्हतेच. आम्ही एका कोठडीच्या दारात पाव तास उभे राहिलो, आणि वहीतल्या त्या सत्तावीस नावांची खरोखरच लाज वाटली.

याच मठात साव्होनारोला राहत होता. त्याने १४९७ साली लोकांकडून आरसे, वस्त्रे, चित्रे, पुस्तके आणवून भर चौकात होळी केली. पुढच्याच वर्षी त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळले. जागा दाखविणारी गोल शिळा फरशीत आहे. लोक तिच्यावरून चालत जातात. त्यानंतर सहाच वर्षांनी, १५०४ साली, मायकेल अँजेलोचा डेव्हिड त्या चौकात उभा राहिला. आज तेथे आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादमीत हलविला.

पुलांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४४ च्या ऑगस्टात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे पूल उडविले. सोडला तो फक्त पोंते वेक्यो. सांता त्रिनिता पुलाच्या टोकांना चार ऋतूंचे चार पुतळे होते, तेही पाण्यात गेले. सुरुंगाने फुटलेले दगड नदीतून वेचून, कमी पडले तेथे नवे घडवून, १९५८ मध्ये पूल होता तसा उभा केला. पुतळेही जोडले, पण वसंत ऋतूच्या पुतळ्याचे शिर काही सापडेना. ते १९६१ मध्ये नदीच्या गाळात मिळाले. आज वसंत पुलावर आपल्या जागी उभा आहे. मानेवरचा सांधा पाहण्यासाठी जरा जवळ जावे लागते. आणि ही नदी गरीब दिसते म्हणून फसू नये. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी तिने शहरात शिरून शहर आणि जिल्हा मिळून पस्तीस माणसांचा बळी घेतला. तेव्हा भिजलेले व्हासारीचे एक चित्र दुरुस्त होऊन सांता क्रोचेच्या चर्चमध्ये परतले ते २०१६ साली, पन्नास वर्षांनी.

जेवणाचे थोडक्यात. तेथला पाव आळणी असतो. मीठ विसरले म्हणून वाढप्याला बोलू नये. शाकाहारी मंडळींना शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळी कोबी यांची रिबोलिता मानवते. मात्र तिच्यात डुकराचे मांस नाही ना, हे विचारूनच घ्यावी. सप्टेंबरात काळी द्राक्षे घातलेली गोड रोटी मिळते. बिया दाताखाली येतात. आम्हांला आवडली, मंडळींना नाही.

आता पितृपंधरवड्याचे कारण. शहराच्या पश्चिमेस नदीकाठाने कासिने नावाचे उद्यान साडेतीन किलोमीटर पसरले आहे. ट्रामने त्याच्याजवळ जाता येते, पुढे पायी. उद्यान संपते तेथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. शिवछत्रपतींचे चिरंजीव ते नव्हेत. हे १८६६ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेले. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, युरोपातून परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते, पण प्रेत जाळण्याची तेथे चाल नव्हती. खास परवानगी मिळवून, बरोबरच्या माणसांनी दोन नद्यांचा संगम शोधून, रात्री तेथे दहन केले. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये ही छत्री उभी राहिली. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. जवळच १९७८ मध्ये मोठा पूल झाला, त्याचे नाव ‘पोंते अल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात. तो हिंदी माणूस कोण, असे आम्ही दोघातिघांना विचारले; एकाने सांगितले, कोणी राजपुत्र होता.

आम्ही गेलो तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा. वाटेत फुले घेतली होती, ती छत्रीच्या पायथ्याशी ठेवली. घरच्या मंडळींनी पाण्याच्या बाटलीतले चार थेंब संगमाच्या दिशेने सोडले. मंत्र आम्हांला येत नव्हते. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आमच्याकडे पाहिले, फुलांकडे पाहिले, आणि हातातल्या कुत्र्याची साखळी जरा आवळून धरली.

तेव्हा पाच दिवसांतली एक दुपार या संगमासाठी राखून ठेवा. तेथे जवळपास खाण्यापिण्याची सोय असेल असे धरून चालू नये. पाणी बरोबर घ्यावे. चारच्या आत पोचावे, कारण परतीचे अंतर लांब आहे आणि झाडीत अंधार लवकर पडतो.