स्थलांतरिताची दुकानदारी : इराणी हॉटेलांचा धडा



स्थलांतरित म्हणजे आपला मुलूख सोडून पोटापाण्यासाठी परक्या देशात येऊन स्थायिक झालेला माणूस; आणि लघुव्यावसायिक म्हणजे थोड्या भांडवलावर, बहुधा स्वतःच्या व घरच्यांच्या श्रमावर धंदा चालवणारा माणूस. या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्या, तर तिला कोणते गुण तारतात, हा लघुव्यावसायिकांच्या या परिषदेपुढचा प्रश्न असून त्याच्या विचारासाठी मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांइतके परिचयाचे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमधील यझ्द आणि केरमान या भागांतून झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली. 1870 नंतरचा भीषण दुष्काळ, समाजात पदोपदी होणारी मानहानी आणि जिझिया, म्हणजे मुस्लिमेतर प्रजेवर लादलेला कर, ही त्यामागची कारणे होती. हा कर 1882 साली रद्द झाला, तरी दैन्य संपले नाही. कित्येक शतके आधी येऊन येथे रुजलेल्या पारशी समाजाच्या घरांत चाकरी करून यांतील अनेकांनी सुरुवात केली आणि पुढे चहाची दुकाने व बेकऱ्या थाटल्या. मुंबईतील कयानी 1904 मध्ये, ग्रँट रोडचे मेरवान 1914 मध्ये, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 मध्ये आणि पुण्यात डेक्कनवरचे गुडलक 1935 मध्ये सुरू झाले. इराणी मुसलमानांनीही या व्यवसायात मोठा वाटा उचलला.

या दुकानदारांचा पहिला गुण म्हणजे इतरांनी नाकारलेल्या गोष्टीचे मोल ओळखणे. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अनेक स्थानिक व्यापारी अशुभ मानत, असे सांगितले जाते. इराण्यांनी मात्र दोन्ही रस्त्यांची वर्दळ, उजेड आणि वारा पाहून तीच जागा पसंत केली. दुसरा गुण लवचिकपणाचा. इराणात चहा दुधाविना, साखरेचा खडा तोंडात धरून पितात. पण ही सवय गिऱ्हाइकावर न लादता त्यांनी दाट दुधाचा गोड चहा उकळला, त्याच्या जोडीला ब्रून-मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, दिला, आणि ज्या काळात कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे याचे निर्बंध कडक होते, त्या काळात गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सर्वांसाठी एकच दार उघडे ठेवले.

तिसरा गुण चोख हिशेबाचा, आणि त्याचे दर्शन गल्ल्यापाशी घडते. मालक स्वतः गल्ल्यावर बसे. शेजारी काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई आणि मावा केक असे, मागच्या फळीवर साबण आणि काड्यापेट्या असत, म्हणजे चहाला आलेले गिऱ्हाईक घरचा किरकोळ बाजारही करून जाई. नफा चहाच्या एका कपात थोडा असला, तरी पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकान उघडे ठेवल्याने तो साठत जाई. मात्र टेबलांचे संगमरवर आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या यांवर पैसा सढळ हाताने खर्च झालेला दिसतो, कारण काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विवेक हाही व्यापारी शहाणपणाचाच भाग आहे.

तथापि केवळ व्यक्तिगत गुणांवर यशाचे सारे श्रेय टाकणे अन्यायाचे ठरेल. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात, म्हणजे नात्यागोत्याच्या आणि विश्वासाच्या जाळ्यातून मिळणारा आधार, तो त्यांच्या पाठीशी होता. आधी आलेला नातेवाईक नव्याला निवारा देई, काम शिकवी आणि पुढे भागीदारीत घेई. असा आधार न मिळालेले कष्टाळू स्थलांतरित अपयशी ठरले, तर त्यांच्यात गुणच नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय हे गुण रक्तातून उतरत नाहीत: पुढच्या पिढ्या शिकून इतर व्यवसायांत गेल्या आणि बरीच हॉटेले बंद झाली. चिकाटी, लवचिकपणा आणि सचोटी हे गरजेने घडवलेले आणि रोजच्या सरावाने टिकलेले गुण होते, म्हणूनच ते इतरांनाही शिकता येतात.

म्हणून या परिषदेचे आवाहन दुहेरी आहे. परदेशी जाऊन दुकान थाटू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी गिऱ्हाइकाची भाषा आणि चव आधी शिकावी, आणि छोट्या नफ्याला कमी लेखू नये. येथील व्यापारी संघटनांनी, पतसंस्थांनी आणि नगरपालिकांनी आपल्या शहरात नव्याने आलेल्या कष्टकऱ्याला उधारी, जागा आणि सन्मानाची वागणूक द्यावी, कारण परक्याला आधार देणारे शहरच त्याच्या गुणांचे फळ चाखते.