पहिली पंगत

गावोगावहून आलेले मार्गदर्शक शिक्षक आणि रात्रभर एसटीत बसूनही सकाळी सातला स्क्रूड्रायव्हर शोधत फिरणाऱ्या मुला-मुलींनो,

पुण्यात तुमचं मनापासून स्वागत. मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरवालाही नाही. भोसरीत माझं मशीन शॉप आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी चार पोरं रोबोटसाठी ॲल्युमिनियमची पट्टी कापून मागायला आली, ती अजून गेलेली नाहीत. एवढ्या पुण्याईवर मला रोबोट संघांच्या या संमेलनाचा स्वागताध्यक्ष केलंय, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका.

रोबोटच्या स्पर्धा या शहराला नव्या नाहीत. २००८ साली आबू रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे बालेवाडीत झाली, तेव्हा खेळाचा विषय होता आपली दहीहंडी. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे रोबोट लोण्यासाठी धडपडत होते. त्या खेळाचे नियम सगळ्यांनाच नवे होते, हंडीही सगळ्यांनाच नवी होती.

आज दुपारी आपण बोलणार आहोत ते नेमकं याच्या उलट गोष्टीबद्दल. हंडी कुठे बांधणार हे काहींना आधी कळलं तर?

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची शालेय स्पर्धा तुम्ही जाणता. खेळ जानेवारीत जाहीर होतो, सगळ्यांना एकाच दिवशी. २०१९ पर्यंत तर ठरलेल्या दिवशी रोबोट पिशवीत घालून सील करावा लागे. वेळेच्या बाबतीत इतकी कडक शिस्त. पण २००९ च्या हंगामात सीरिओ हा नवा कंट्रोलर आला, २०१५ मध्ये रोबोरिओ आला. आणि दोन्ही वेळा काही निवडक संघांनी तो आदल्या वर्षीच चाचणीसाठी हाताळलेला होता. रोबोट पिशवीत घालता येतो, हाताला लागलेलं वळण कसं घालणार?

आता चाचणी करणाऱ्यांची बाजूही सांगतो, कारण ती मी भोगली आहे. एका कंपनीने आपलं नवं कटिंग टूल माझ्याकडे ‘ट्रायल’ला दिलं होतं. शेजारचे म्हणाले, फुकटात मिळालं, मजा आहे. तिसऱ्या दिवशी टूलचा तुकडा उडाला, अख्खी बॅच भंगारात गेली, आणि कंपनीला कारण लिहून देण्यात माझा रविवार गेला. बीटा चाचणी म्हणजे हेच. अर्धवट सॉफ्टवेअर, रोज नवी चूक, आणि ती नीट लिहून कळवण्याची जबाबदारी. हे कुणीतरी करायलाच हवं. २०१२ मध्ये सेंट लुइसला ‘फर्स्ट’च्या अंतिम सामन्यांत रोबोट मैदानावर जागच्या जागी थिजले. वायरलेस संपर्कच तुटत होता. पुढे संस्थेने त्याची चौकशी करून अहवाल जाहीर केला. ज्या चुका चाचणीत सापडत नाहीत त्या अशा भर सामन्यात सापडतात. त्यामुळे बीटा बंद करा असं मी म्हणणार नाही. आचाऱ्याने मीठ चाखलंच पाहिजे.

पण मीठ चाखणं वेगळं, आणि चाखायच्या निमित्ताने पहिल्या पंगतीला बसणं वेगळं. व्हेक्स या दुसऱ्या रोबोट स्पर्धेत व्ही-५ यंत्रणेबाबत पुढे नियमपुस्तकातच आलं की बीटाचे भाग सामन्यात चालणार नाहीत. फिक्या करड्या रंगावरून ते ओळखा. मला हा नियम फार आवडतो. जे दुकानात सगळ्यांना मिळत नाही ते टेबलावर ठेवा, मैदानात आणू नका.

माझी खरी तक्रार मात्र निवडीबद्दल आहे. चाचणीचे असे संच बहुधा अनुभवी, साधनसंपन्न संघांना दिले जातात. कारण समजण्यासारखं आहे, ते अहवाल वेळेवर देतात. पण यात अन्यायापेक्षा मोठी गोष्ट घडते: चाचणीच कच्ची राहते. वातानुकूलित प्रयोगशाळेत, अखंड वीज आणि वेगवान इंटरनेट असताना जे यंत्र नीट चालतं, ते मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याच्या वर्गात चालेल का? दिवसातून तीनदा वीज जाते तिथे अपडेट अर्ध्यावर तुटला तर पुढे काय? ज्या मुलीला सूचना इंग्रजीत वाचून मनात मराठीत उलगडाव्या लागतात, तिला त्या कळतील का? तिला संच दिला तर तो उपकार नव्हे. कारखान्याला जी चूक दिसणार नाही ती तिला पहिल्या दिवशी दिसेल.

हे आज बोलण्याचं कारणही आहे. ‘फर्स्ट’मध्ये २०२७ च्या हंगामापासून रोबोरिओची जागा सिस्टिमकोअर हा नवा कंट्रोलर घेणार असं जाहीर झालंय. म्हणजे पुन्हा काहींच्या हातात आधी, बाकीच्यांच्या हातात नंतर. दुपारच्या सत्रात आपण ठराव लिहावा अशी माझी विनंती आहे: आपल्याकडच्या कुठल्याही संघाला चाचणीचा संच मिळाला, तर त्याने महिन्याभरात आपल्या नोंदी मराठीत सगळ्यांना खुल्या कराव्यात, आणि किमान एका नव्या संघाला आपल्या टेबलाशी बसवावं. ठरावाची भाषा तुम्ही ठरवा. पट्ट्या कापायला मी आहेच.

व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला. जेवण एक वाजता आहे. जागा अपुरी असल्यामुळे दोन पंगती कराव्या लागतील. पहिलीला मुलं बसतील, आपण दुसरीला.